साळ्याच्या पोरीची हळद आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प

हातातला चहा आधी खाली ठेवा. माझी ही फजिती ऐकताना तो नाकातून येतो, असा अनुभव आहे.

केळापूरला माझ्या साळ्याच्या पोरीची हळद होती. आजवर सासुरवाडीच्या लग्नांत मी बँडच्या घोळक्यात उभं राहून गिटार वाजवली. या वेळी पहिल्यांदाच एकटा. सासऱ्यांपुढे इज्जतीचा सवाल! म्हणून गिटारला रॉक गाण्यांतली ती जाडजूड गुरगुर हवी होती.

बोरी अरबचा माझा दोस्त भास्कर दोन वस्तू घेऊन आला. एक गिटारचा आवाज वाढवणारा व्हॉल्व्हचा छोटा अ‍ॅम्प, आत जुन्या रेडिओसारखे काचेचे दिवे तांबडे होणारा. दुसरी ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे पायानं दाबायची डबी.

"एकच ठेव. दुसरी मले लागते."

"कोणती ठेवू?"

"अ‍ॅम्प मोठ्यानं लावला तरच गुरगुरते गड्या. डबी हळू आवाजात बी गुरगुरते. कुठं वाजवाचं हाये ते पाय आधी."

इतकं सरळ सांगितलं. पण मी ऐकतो होय?

अ‍ॅम्प घरात गव्हाच्या टिनाच्या कोठीवर ठेवला. उंची सोयीची! आवाज अगदी हळू ठेवून तार छेडली आणि अहाहा! टिपेश्वरच्या जंगलातला वाघच घरात शिरला म्हणा ना! शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून पार घाटंजीच्या बाजारापर्यंत गेली. खोटं वाटतं? म्हशीला विचारा.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी माझा जुना स्पीकर ठेवून त्याला डबी जोडली. गुरगुरली, पण सर्दी झालेल्या मांजरासारखी. संपला विषय! डबी बोरी अरबला रवाना.

हळदीचा मांडव भरला. सासूबाई अगदी समोर खुर्चीवर. मी ऐटीत तार छेडली.

टिंग!

वाघ कुठाय? घाईनं आवाज वाढवायला गेलो, तर सासूबाईंनी दोन्ही कान झाकले. "हळू वाजवा नं जवाईबापू, डोकं उठते!"

मी बायकोच्या कानाशी लागलो. "घरी तर हळू आवाजात गुरगुरत होता!"

"अहो, तवा कोठी रिकामी होती. टिनाचं झाकण थरथरे ते! मंग दुसऱ्या दिवशी सकाळी म्या नवा गहू भरला, अन् तुमी डबी वाजवली."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी लहान लेकरावानी खुश होऊन राह्यले होते. कायले मोडता घालू?"

आता अशा बाईवर रागावणार तरी कसं?

आलिया भोगासी म्हणत तसंच टिंगटिंग करत अख्खं गाणं वाजवलं. सासरे उठले, माझ्याजवळ आले, मायेनं पाठीवर हात ठेवला. डोळे पाणावलेले.

"जवाईबापू, बँडच्या गोंगाटात इतके वर्सं काई समजेच ना. आज तुमची गिटार पहिल्यांदा साफ आयकू आली."

मी फुगलो. वाकून पाया पडलो.

"तुमाले वाजवताच येत नाही!"