परातीतलं सोनं

मागच्या वर्षी याच दिवसांत मी माझ्या मामांना परातीत उभं करून धुतलं.

ते जिवंत होते. ओरडत होते.
आणि ओरडतानाही सांगत होते, "पानी मोरीत जाऊ देऊ नको!"

वर्षभर ऐकतो आहे, मामांनी चुकीची बाटली घेतली.
त्याबद्दलच लिहितो आहे. शिक्षण माझं नववीपर्यंत, पण लिहिलेलं तीनदा तपासलं आहे.

आदिलाबादला मामांचं गलाईचं दुकान होतं. जुना दागिना वितळवायचा, ठोकून पातळ पत्रा करायचा आणि शोऱ्याच्या तेजाबात उकळायचा. शोरा म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिड. ते चांदी-तांबं खातं, सोन्याला हात लावत नाही. मागे उरतं ते शुद्ध सोनं.

सगळं गिऱ्हाइकासमोर. मामा स्टूल पुढे सरकवायचे.
"बसा. नजर हटवू नका. मीबी माणूसच हाय."

त्या दुपारी तलमडुगूकडची एक आजी मुलाला घेऊन आली होती. नातीच्या लग्नासाठी स्वतःची सोन्याची माळ, एकदाणी, मोडायला. मी बँकेत गेलो होतो.

परत आलो तर दुकानात सडक्या मुळ्यासारखा वास, आणि आजीच्या मुलानं मामांची कॉलर धरलेली.

झालं होतं असं. उकळताना नेहमीचा तांबडा धूर येईना, म्हणून मामांनी आच वाढवली. तेजाब पिवळं पडलं. आणि पत्रा विरघळत विरघळत संपला. तिघांच्या डोळ्यांदेखत.

"मायचं सोनं कुठं लपवलं बे, चोट्ट्या?"
"अरे, यातच हाय. इरघळलं. काऊन इरघळलं ते मलेबी नाई समजून राह्यलं, पन यातच हाय."
"सोनं इरघळते व्हय? मले येडा समजतं?"

त्यानं ओट्यावरची पक्कड उचलून मामांच्या डोक्यात घातली.

चोर म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही. बाहेरचे चार जण आत आले आणि लाथा घालायला लागले. मी मध्ये पडलो. माझा दात पडला. त्यातला एक जण रोज आमच्या बाकावर बसून पेपर वाचायचा.

मग मुलानं चिमट्यानं ते उकळतं भांडं उचललं.
"तुयाच तोंडावर ओततो आता!"

मामा पळू शकले असते. दार मोकळं होतं.
त्यांनी भांड्यावर झडप घातली.
"ओतू नको, बाबू! मायचं सोनं हाय त्यात!"

ओढाताणीत सगळं त्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर गेलं.

तो आवाज मी लिहू शकत नाही.

मी बादली उचलली, तर मामा किंचाळले, "परात! अगुदर परात आन!"

मी ऐकलं. आत जाऊन परात आणली.
ऐकायला नको होतं.

ते परातीत उभे राहिले आणि मी तांब्यानं पाणी ओतत गेलो. सदरा निघाला, त्याबरोबर कातडी निघाली. मारणारे चौघं पळून गेले. आजी पदरानं मामांच्या डोक्याचं रक्त पुसत होती आणि मुलाला शिव्या देत होती. तो भिंतीला टेकून उभा होता.

मामांना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या लोकांसमोर आजीला स्टुलावर बसवलं. परातीतल्या पाण्यात मी हिराकस टाकलं, त्यानं विरघळलेलं सोनं पुन्हा वेगळं होतं. तपकिरी भुकटी खाली बसली. गाळली, धुतली, मुशीत वितळवली.
पिवळी गोळी निघाली.
सगळे बघत होते. 

दवाखान्यात जाऊन सांगितलं, "निघालं, मामा."
"समदं?"
"समदं."
"आजीले देल्लं?"
"देल्लं."
त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गेले.

आता खरं ते.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, कोणतं अ‍ॅसिड? मी लगेच सांगितलं, सेलेनिक.
मला माहीत होतं.

आठवडाभर आधी नायट्रिकच्या सहा बाटल्यांचा बॉक्स आला होता. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी नेहमीसारखं सहाही बाटल्यांवर 'शोरा' अशी चिठ्ठी चिकटवली. मग चिठ्ठीच्या कडेनं दिसणारं एकेक लेबल तपासलं. एकावर सेलेनिक अ‍ॅसिड होतं. मोबाईलवर शोधलं. गंधकाच्या तेजाबाइतकंच जोरदार. थंड असताना सोन्याला काही करत नाही, कडक तापलं की सोनंही विरघळवतं.

परत करायची म्हणून ती बाटली मागे ठेवली.
चिठ्ठी काढली नाही. काढली असती तर खालचं लेबल फाटलं असतं आणि दुकानदारानं बाटली परत घेतली नसती.
मामांना सांगितलं नाही. म्हटलं, आधी दुकानदाराला फोन लागू दे, खात्री होऊ दे.

मामांनी बाटली वाचूनच घेतली होती.
माझं अक्षर वाचून.

मामी, तुम्ही वर्षभर लोकांना सांगता, "त्यायले इंग्रजी येत नवतं." आता असं सांगू नका. हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आधी इथं, सगळ्यांसमोर लिहिलं.
थोड्या वेळात श्राद्धाला येतो आहे. मला आत घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मामा, चूक तुमची नव्हती.
तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.