अक्काला कळवा

सनद मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि अख्ख्या हुबळीत राज्यघटना मी एकट्यानंच वाचली आहे असा माझा तोरा होता. गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमधून ड्रिल मशीन गेलं आणि तिथल्या फिटरला पोलिसांनी धरलं. तो माझा अशील. मी ठाण्यात जाऊन त्याला बजावलं, "स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही. तोंड उघडायचं नाही." पठ्ठ्यानं ते तंतोतंत पाळलं. फौजदार विचारून विचारून थकले, हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला.

मला चेव चढला. मी फौजदारांवर घसरलो, "अटक केलीत, घरी कळवलंत का? तोही हक्क आहे त्याचा!"

फिटर पहिल्यांदाच बोलला, "राहू द्या हो वकीलसाहेब. घरी अक्का आहे."

"हक्क म्हणजे हक्क!" मी टेबलावर हात आपटला.

तासाभरात त्याची थोरली बहीण आली. आयुष्यभर शाळेत पोरं सरळ केलेली बाई. तिनं फौजदारांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं तर नाहीच. भावासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "कुठं ठेवलंस?"

"माळ्यावर. तुझ्या पापडाच्या डब्यामागं."

फौजदारांनी मला आग्रहानं चहा पाजला. पुढं माझ्या कुठल्याही अशिलाला धरलं, की एक प्रश्न विचारायच्या आधी ते मलाच फोन करायचे, "वकीलसाहेब, ह्याच्या घरी कुणी अक्का आहे का? कळवायला पाहिजे. हक्क आहे त्याचा."