अब्बांच्या पायाचा अंगठा

माण तालुक्यातल्या आमच्या गावात अब्बा गाद्या शिवायचे. कापडाची कड उजव्या पायाच्या अंगठ्यात ताणून धरायची आणि दोन्ही हातांनी भराभर टाके घालायचे, ही त्यांची पद्धत. त्या अंगठ्यात सुई घुसली तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शुगर आधीपासूनच होती. मी सांगलीहून माहेरी गेले तोवर अंगठा काळा पडला होता.

उपकेंद्रातल्या नर्सबाई पट्टी सोडताच म्हणाल्या, "आजच सांगलीला सरकारीत न्या. अंगठा जाईल, पण पाय राहील."

घरी आल्यावर वादाला तोंड फुटलं. अब्बांचे थोरले भाऊ, आमचे मोठे अब्बा, सरकारी म्हटल्याबरोबर उसळले. त्यांचंही काही खोटं नव्हतं. त्यांची बायको, मोठी अम्मी, बाळंतपणाच्या कळा देत असताना सरकारी दवाखान्याची गाडी आलीच नव्हती. फुकटच्या गाडीची वाट बघता बघता ती गेली. ते म्हणाले, "फुकट मिळतंय ते कवा मिळतंय, हे मला इचार."

"आवं, पण आता तिथं मोठे डॉक्टर हायेत, ऑपरेशनला पैसा लागत न्हाई," मी म्हणाले. "आणि माझं घर तिथंच हाय. डबा मी नेईन, रात्री मी थांबीन."

"तू गप गं. उद्या गाडी भरून लोकं भेटाय येत्याल. भाऊ सरकारीत टाकला म्हणत्याल. त्येंनी बसायचं कुठं, जिन्यात?"

हे खरं कारण! आमच्याकडे कुणी आजारी पडलं की गावातून जीप भरून माणसं येतात, बिस्किटं आणि शहाळी घेऊन. दवाखाना कोणता, खोली कशी, हे बघून जातात आणि वर्षभर त्यावर बोलतात. मी अब्बांकडे बघितलं. ते गादीवर पाय लांब करून बसले होते. म्हणाले, "भाऊ म्हणतोय तसं करू." मला इतका राग आला की मी ताटावरून उठले.

खासगी दवाखान्यात पंखा होता, पडदा होता, पाहुण्यांना सोफा होता. अंगठा वाचवून बघू, असं तिथं सांगितलं, आणि आमचा जीव भांड्यात पडला. रोज ड्रेसिंग, रोज इंजेक्शन. मोठ्या अब्बांनी होतं नव्हतं ते मोडलं. मग एका सकाळी काळेपणा घोट्याच्या वर दिसला, आणि डॉक्टरांनीच सांगितलं, आता सरकारीत न्या.

सरकारीत गर्दी होती. काही औषधं बाहेरून आणावी लागली, मी जमिनीवर सतरंजी टाकून झोपले. पण अब्बांना त्याच दिवशी आत घेतलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने पाय बघितला आणि हळूच विचारलं, "आधी का नाही आणलंत?" मी मोठ्या अब्बांकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलून गेले असते. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पुढच्या रविवारी जीप आली. बसायला जागा नव्हती म्हणून माणसं कॉटभोवती उभी राहिली. शहाळी कॉटखाली सरकवली. कुणाचं लक्ष सपाट पडलेल्या चादरीकडे जायचं आणि लगेच खिडकीकडे वळायचं. मोठे अब्बा भिंतीला टेकून खाली बघत होते. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलंच, "आवं, पण सरकारीत कशापायी आणलं?"

अब्बा कोपरावर भार देऊन उठून बसले. मग म्हणाले, "आदीच यायचं हुतं. तवा निस्ता अंगठा गेला असता. पर लोकं काय म्हणत्याल, ह्याला भ्यालो."

त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"आता आलाय न्हवं सगळी? म्हणा की, काय म्हणायचं हुतं ते."