ढोलाच्या थापेवर उजळणारं जाकीट

मीटर 'पीं' करून वाजला आणि लताबाई पगारे हातातली कात्री टाकून उठल्याच.

"अहो, काठ वाजतोय! साडीचा काठ!"

त्यांच्या नवऱ्याचं, हिरामणचं, नाशिकरोडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी तो घरी बसून जयंतीच्या सजावटीसाठी दिव्यांची तोरणं जोडायचा. वायर कुठे तुटली ते शोधायला त्याच्याजवळ मीटर असे. मीटरच्या दोन टोकांमधली वाट अखंड असली की तो वाजायचा. आत्ता ती दोन्ही टोकं पडली होती लताबाईंच्या आईच्या जुन्या साडीवर. साडी विरून गेली होती, म्हणून लताबाई तिचा जरीकाठ उसवून घेत होत्या.

"अस्सल जर आहे ती," हिरामण मान वर न करता म्हणाला. "आत तांबं-चांदी असतं. वीज जाणारच."

"म्हणजे हा दोरा नाही, वायर आहे. सुईत ओवता येईल अशी वायर!"

हिरामण पुन्हा तोरणाकडे वळला. लताबाई मात्र काठाला एकदा इकडे, एकदा तिकडे टोकं लावून वाजवत बसल्या, आणि प्रत्येक वेळी हसल्या. त्यांना एक पाठ दिसत होती. सहादू सरांची पाठ.

लताबाई मूळच्या पिंपळगावच्या. वडील कांद्याच्या गोण्या उचलायचे. शेजारणीच्या मशीनवर, ती स्वयंपाकात असताना, लताबाई शिवण शिकल्या. पुढे परीक्षा दिल्या आणि एक्क्याण्णव साली नाशिकच्या एका मूकबधिर मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई म्हणून लागल्या. बारा वर्षांत त्या हातांनी बोलायला शिकल्या, इतक्या की घरीसुद्धा बोलताना हात थांबेनात.

शाळेचं लेझीम पथक होतं. सहादू सर मधोमध उभे राहून ढोल वाजवत आणि मुली त्यांच्याभोवती रिंगण धरत. सरांच्या समोर असलेल्या मुलींना त्यांचे हात दिसायचे, त्यावरून ताल कळायचा. मागच्या मुलींना दिसायची फक्त पाठ. त्या शेजारणीकडे बघून हात हलवायच्या आणि अर्धी मात्रा मागे राहायच्या. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या संमेलनात असंच झालं. तरी टाळ्यांचा कडकडाट झाला. परतताना बसमध्ये तेरा वर्षांच्या रोहिणीने हातांनी विचारलं, "टाळ्या का?"

"छान केलंत म्हणून," लताबाईंनी खुणेनं सांगितलं.

रोहिणीने मान हलवली. "चुकलो. मी बघितलं. चुकलो तरी टाळ्या." आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. हे लताबाईंना वर्षभर खुपत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्या भद्रकालीच्या बाजारातून जरीचं चकचकीत रीळ घेऊन आल्या. घाईघाईने मीटर लावला. मीटर गप्प. पुन्हा लावला. गप्पच!

"प्लास्टिक आहे," हिरामण म्हणाला. "नुसती चमक."

तेव्हा लताबाई मीटर पिशवीत घालून सराफ बाजारात गेल्या. तिथे एक कारागीर जुने काठ जाळून त्यातली चांदी काढत असे. त्याच्या ढिगातला एकेक काठ त्या वाजवून बघू लागल्या. तो बघतच राहिला.

"बाई, साडी विकत घेताय का रेडिओ?"

"जाकीट शिवायचंय, भाऊ," असं सांगून त्यांनी वाजणारे काठ तेवढे उचलले.

आता हिरामणलाही चेव चढला. काळ्या मखमलीचं जाकीट, पाठीवर बारा लाल एलईडी. पहिला दिवा तो कथिलाचा डाग देऊन जोडायला गेला, तर जरतार काळी पडली आणि रेशीम जळालं. त्यावर लताबाईंनी दिव्याचे दोन्ही पाय चिमट्याने गोल वळवले, त्यांची हुकासारखी कडी केली आणि बटण लावावं तशी जरीने घट्ट शिवली. दिवा लागला! पण टोकाकडचे दिवे मंद लागत, म्हणून त्यांनी तीन धाग्यांना एकत्र पीळ दिला. जिथे दोन टाके एकमेकांना टेकायचे, तिथे मधे अस्तराची पट्टी घातली. सेलची पिशवी टिचबटणांनी अडकवली, म्हणजे ती काढून जाकीट धुता येईल.

"हे माझ्या डोक्यात आलं नसतं," हिरामण म्हणाला.

"तुम्ही कधी ब्लाऊज शिवलाय?"

ढोलाच्या पानावर, म्हणजे चामड्यावर, त्यांनी मधे बोटभर जागा सोडून जरीच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आणि तिथून जाकिटापर्यंत वायर नेली. सरांच्या हातमोज्याच्या तळव्यावर जरीचा एक तुकडा शिवला. थाप पडली की तो तुकडा दोन्ही पट्ट्या जोडणार आणि पाठ उजळणार. पण थाप क्षणात उठायची, दिवा नुसता लुकलुकायचा. हिरामणने वीज क्षणभर साठवणारा एक लहानसा कपॅसिटर लावून दिला, तेव्हा उजेड डोळ्यांत भरेल इतका रेंगाळू लागला.

सहादू सर जाकीट घालून शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले. ते पेठ तालुक्याकडचे, उंचेपुरे. "बाई, मला शॉक तर नाय ना बसणार?"

"दोन सेलांनी कसला शॉक? वाजवा, सर!"

धूम! पाठ लाल झाली. मुलींनी श्वास रोखला. धूम, धूम! रोहिणी पुढे धावली, सरांच्या पाठीवर हात ठेवला, मग मागे सरून दिव्यांकडे बघत पाय आपटू लागली. प्रत्येक पाऊल थापेवर. बाकीच्या अकराजणी तिच्यामागून सुरू झाल्या. व्हरांड्याची फरशी हादरली.

डिसेंबरात नाशिकमधल्या एका सभागृहात संमेलन भरलं. सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. रिंगण फिरलं, लेझिमा एकदम वर, एकदम खाली. विंगेत उभ्या लताबाईंची नजर मागच्या मुलींवरून हलत नव्हती. एकही मागे नव्हती.

आणि सहादू सरांच्या अंगात आलं. ठरलं नव्हतं, सराव केला नव्हता, पण त्यांनी लय दुप्पट केली. "सर, नको!" लताबाई ओरडल्या, पण ढोलापुढे कोण ऐकतंय?

पाठीवरचे दिवे झपाझप उजळू लागले. रोहिणीचे डोळे मोठे झाले आणि ती हसली. बाराच्या बारा लेझिमा त्या लयीत शिरल्या. सरांनी लय मधेच तोडली, मुली थांबल्या. पुन्हा धरली, मुली सुटल्या. सभागृहात दुसऱ्या शाळांची मुलं बाकांवर चढली. शेवटच्या थापेला लेझिमा एकाच वेळी गप्प झाल्या आणि लोक उभे राहिले.

रोहिणी धापा टाकत विंगेत आली. तिचे हात इतक्या वेगाने चालत होते की लताबाईंना तिची मनगटं धरावी लागली. "हळू सांग."

"आज टाळ्या बरोबर," रोहिणीने सांगितलं.

"लय भारी, बाई," सर घाम पुसत म्हणाले. "पोरी माझ्या पुढं पळत होत्या!"

जानेवारीपासून लताबाईंच्या शिवणाच्या तासाला मीटर आला. काजं, टीप आणि तुरपाई झाली की मुली जरीने दिवे शिवायच्या, आणि आवाजाऐवजी मीटरचा काटा हलताना पाहून टाका बरोबर की चूक ते स्वतःच ठरवायच्या. रोहिणीने पहिला शिवला तो पडदा. बाहेर कुणी बेल दाबली की तिच्या घरच्या त्या निळ्या पडद्यावर दिव्यांची वेल उजळायची. पहिल्या संध्याकाळी तिने धाकट्या भावाला चाळीस वेळा बेल दाबायला लावली आणि चाळीसही वेळा दार उघडायला तीच धावली.