सामाईक फोल्डरमधला आवाज

कुंदा मेश्राम मॅडमची आणि माझी पहिली ओळख एका उरलेल्या स्क्रूमुळे झाली. मी सानगडीचा. बारावी अर्धवट टाकून नागपूर, गोंदिया, मग नाकाडोंगरीतलं एक मोबाईलचं दुकान असं फिरत फिरत भंडाऱ्याला पोचलो होतो. (नाकाडोंगरीच्या त्या दुकानात अस्वल शिरलं होतं, पण ते इथे नको.) मॅडमच्या संस्थेचा प्रिंटर मी नीट केला, तो चालूही झाला आणि एक स्क्रू हातात उरला. मी तो गुपचूप खिशात टाकत होतो.

"बाबू, तो कुठून निघाला ते सांगून जा," मॅडम म्हणाल्या.

रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि जागा सापडेपर्यंत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली कामाला लागलो. एका ठिकाणी इतकी वर्षं मी कधी टिकलो नव्हतो.

मॅडम आधी शाळेत गणित शिकवायच्या. जावा ही संगणकाची भाषा त्या स्वतःच्या स्वतः शिकल्या. आमची संस्था लहान आहे. वैनगंगेला पाणी चढलं की काठच्या गावांतले फोन वाजवून निरोप ऐकवणं हे तिचं काम. त्यासाठी एकाच सर्व्हरवर दोन अॅप्लिकेशनं चालत: एक जुनं, पावसाच्या नोंदींचं, आणि एक नवं, निरोपांचं. प्रोग्रामच्या तुकड्याला क्लास म्हणतात. प्रत्येक अॅप्लिकेशन आपले क्लास आपल्या फोल्डरमध्ये ठेवतं, शिवाय दोघांसाठी एक सामाईक फोल्डर असतो. आमचा सर्व्हर क्लास शोधताना आधी सामाईक फोल्डरमध्ये पाहायचा. तिथे त्या नावाचा मिळाला, तर अॅप्लिकेशनच्या फोल्डरकडे वळायचाच नाही. हा क्रम सेटिंगमधून उलटा करता येतो. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं.

भादव्याचे दिवस होते. भंडाऱ्यात लख्ख ऊन आणि नदी मात्र वर कुठेतरी पडलेल्या पावसानं फुगत चाललेली. दुपारी आम्ही नदीकाठच्या कारध्याला निरोप सोडला. पडद्यावर "निरोप पोचला" असं आलं. पण गावांची नावं वेगळीच होती. काही गोंदियाकडची, म्हणजे भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा फुटण्याआधीच्या कागदावरून उतरवलेली. आणि त्यात मोहटोला. मोहटोला धरणाच्या पाण्याखाली जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मी निरोपांचा नवा क्लास पुन्हा चढवला. फोन पुन्हा मोहटोल्यालाच गेले. मग मी अॅप्लिकेशनमधून तो क्लास पुसूनच टाकला. आता चालायला काही उरलंच नव्हतं. तरी पडद्यावर ओळ उमटली: मोहटोला, निरोप पोचला.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. मॅडमनी तो स्पीकरवर घेतला.

"कोण बाई बोलून राहिली? मी इंदूबाई. आत्ता माह्या मालकाचा फोन आलता ह्या नंबरावरून."

"मालक कुठे असतात?"

"तो तं वारला कधीचाच." बाई शांतपणे सांगत होत्या. "पाणी येऊन राहिलं म्हणे, टेकडीवर ये. मी कारध्याच्या काठावर आली. डोंगा भेटते का पाहून राहिली."

"कोणती टेकडी, इंदूबाई?"

"आमची. मोहटोल्याची."

ती टेकडीही पाण्याखाली होती. मला उशिरा कळलं: इंदूबाईंचे यजमान आमच्या संस्थेचे मोहटोल्यातले स्वयंसेवक होते, तिथले जुने निरोप त्यांच्याच आवाजात होते, आणि बाई कारध्याला राहायला आल्या तरी फोन नंबर तोच होता.

मॅडमनी त्यांना वेडं ठरवलं नाही. म्हणाल्या, "मी मेश्राम, भंडाऱ्याहून. तिथंच बसा. मालक कोणत्या पाण्याचं सांगून राहिले ते मी पाहतो. तोवर डोंग्यात पाय ठेवू नका, अन् फोन कापू नका."

"बरं. पर आवाज त्याचाच होता, बाई."

"असंल."

मग त्यांनी सर्व्हरला प्रत्येक क्लास कुठून उचलला ते लिहायला लावलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. निरोपाचा क्लास सामाईक फोल्डरमधून येत होता.

"इथं कुणी ठेवला?"

मीच ठेवला होता. आदल्या आठवड्यात जुन्या अॅप्लिकेशनला एक क्लास सापडत नव्हता, म्हणून तो ज्यात होता ती जुन्या निरोपांची अख्खी फाईल, यादी आणि आवाजांसकट, मी तिथे टाकली होती. सर्व्हरवरचे बदल टिपायच्या वहीत लिहिलं नव्हतं. मी मॅडमना तसं सांगितलं.

"ठीक. आता हात चालव."

त्यांनी ती फाईल नुसती काढली नाही, नाहीतर पावसाच्या नोंदी बंद पडल्या असत्या. ती जुन्या अॅप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये नेली, दोघांनीही आधी आपापल्या घरात पाहावं अशी सेटिंग केली, नवा क्लास जागेवर ठेवला आणि सर्व्हर पूर्ण बंद केला. कारण एकदा उचललेला क्लास सर्व्हर चालू असेतो आत बसूनच राहतो. सर्व्हर परत उठेपर्यंत कुठलाच निरोप जाणार नव्हता. तेवढा वेळ मॅडम इंदूबाईंच्याच फोनवरून कारध्याच्या लोकांशी बोलत होत्या: "काठावर कोण कोण आहे? त्यांना द्या फोन." लोक वर सरकले. इंदूबाईही त्यांच्यासोबत. सर्व्हर उठला तेव्हा कारध्यात घरोघर फोन वाजल्याचं आम्हाला स्पीकरवरून ऐकू आलं. संध्याकाळी इंदूबाई बसल्या होत्या त्या पायरीवरून पाणी वाहत होतं.

वहीत मॅडमनी चूक लिहिली ती "आपल्याकडून" अशी. माझं नाव नाही. नंतर माझं नाव मीच लिहिलं.

पूर ओसरल्यावर त्या मला घेऊन कारध्याला गेल्या. इंदूबाईंनी भात आणि लाखोळीची डाळ वाढली. यजमानांचा आवाज मॅडमनी मोबाईलच्या एका कार्डावर उतरवून नेला होता. बाईंनी तो ऐकला, कार्ड पदरात बांधलं.

"हे राहू द्या माह्यापाशी. पर फोनवर नोको आता. त्यानं बलावलं का मी निघतो, मंग मले थांबवते कोण? तुम्हीच बोलत जा."

तेव्हापासून काठच्या सगळ्या गावांत निरोप मॅडमच्या आवाजात जातो. थोडा घोगरा, गणित शिकवल्यासारखा. आज मॅडमच्या साठीनिमित्त माझं मागणं एवढंच आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांना खूप आयुष्य लाभो. निरोप ऐकून कुणी घाबऱ्या जिवानं उलट फोन लावला, तर पलीकडे पुष्कळ वर्षं खरोखरच त्या असोत.