ठमीबायचा प्रश्न

परवा मुरबाडच्या बाजारात एका दुकानाबाहेर हिरड्यांची पोती रचलेली होती. त्यांचा तुरट वास आला आणि टोकावड्याच्या वरच्या पाड्यावरची माझी एकशिक्षकी शाळा आठवली.

एके दिवशी तिथे मी राज्यघटना कशी तयार झाली ते शिकवत होते. देशभरातून निवडलेली माणसं दिल्लीत जवळजवळ तीन वर्षं एकेका कलमावर वाद घालत होती, असं सांगत होते. शाळेच्या ओट्यावर म्हातारी ठमीबाय हिरडे वाळत घालत होती. तिचा हात थांबला.

"बाई, त्या मानसांत आमच्यातला, रानातला, कोन व्हता का गो?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकात त्याबद्दल ओळही नव्हती. "बघून सांगते," म्हणाले.

"सांग हां. नाय तर आमच्यासाठी कोन बोललं आसंल?"

तेव्हा वाटलं, सावकाश सांगू. आता वाटतं, सबंध नोकरीत मला कुणी विचारलेला सर्वांत मोठा प्रश्न तोच होता.

लवकरच माझी शहापूरला बदली झाली. कितीतरी वर्षांनी एका ग्रंथालयात घटना तयार करणाऱ्या त्या सभेतली भाषणं हाती लागली. तिथे आदिवासी सभासद होते आणि त्यांच्यातला एकजण ठणकावून बोललाही होता. पुढच्याच रविवारी मी एसटीने पाडा गाठला. ठमीबाय दोन पावसाळ्यांपूर्वीच गेली होती.

"बाई आल्या का, आसं इचारायची कदी कदी," तिची सून म्हणाली.

मी उत्तर सुनेला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ती हंडा उचलून पाण्याला गेली. अंगणात मी एकटीच उरले.