हात दाखवला की थांबणारी टर्बो गाडी

आधीच सांगून टाकतो, मी बी.ई. मेकॅनिकल आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आईवडिलांनी मला शिकवलं ते भुताखेतांवर लेख लिहायला नक्कीच नाही. आई माझ्या गाडीला लिंबू-मिरची बांधते, मी ती सोडतो, ती पुन्हा बांधते... असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. तरीही हे लिहितोय, कारण वाचकांत कुणी जाणकार असेल तर कदाचित कारण सांगेल. मला अजून सापडलेलं नाही.

ठिकाण – अहिल्यानगर जिल्हा, कर्जत तालुका. राशीन-कर्जत रस्त्यापासून थोडी आत आमची वाडी. वाडीचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातलं काहीच आरटीओच्या नियमात बसत नाही.

मी एमआयडीसीत शिफ्टला जातो. तिथे माझं काम एवढंच, की आलेला पार्ट मापात आहे की नाही ते बघायचं. इंजिन शिकलेल्या माणसाला इंजिनाला हात लावायला मिळत नाही याचं वाईट वाटायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी गोठ्याच्या रिकाम्या बाजूला मी बाबांची जुनी दीडशे सीसीची मोटरसायकल उघडली आणि तिला टर्बो बसवायला घेतला.

टर्बो म्हणजे काय, ते आईला सांगितलं होतं तसंच इथे सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो, आणि ते चाक बाहेरची हवा दाबून परत इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त.

"म्हंजी चुलीची फुंकणी," आई म्हणाली.

"हो. फुंकणीच."

"मग फुंकणीसाठी माझा गोठा कशाला काळा केलास?"

नवा टर्बो मिळणं अवघड होतं. तो दिला बबनतात्यांनी. तात्यांची आमच्या वाडीहून कर्जतला जाणारी काळी-पिवळी जीप होती. वडाप. तात्यांच्या भाषेत माणसाला 'शीट' म्हणत, आणि जीप 'शीट फुल' झाल्याशिवाय हलत नसे. फुल म्हणजे काय, तर मागे अकरा-बारा जण, पुढे चार, टपावर कांद्याच्या गोण्या, आणि तात्या स्वतः अर्धे दाराबाहेर. रस्त्यात कुणी हात केला की तरीही थांबायचेच. "सरका जरा, एकच शीट हाय!" माझं कॉलेज याच जीपने झालं. बारावीचे पेपरसुद्धा पुढच्या सीटवर मांडीवर पुस्तक उघडं ठेवून, वाचत वाचत जाऊन दिले.

जीपचं वय संपलं, ती भंगारात गेली. त्याआधी तात्यांनी टर्बो काढून ठेवला होता. पोत्यात गुंडाळून मला आणून दिला. "घे इंजिनेर. नवे बेरिंग टाकले आन् गाडीच बाद झाली. तुझ्या तरी कामाला येऊ दे."

तो माझ्या इंजिनाला फार मोठा होता. इंटरनेटवर ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे हसले. एवढ्याशा इंजिनाच्या धुराने हे चाक जागंसुद्धा होणार नाही, म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पण माझ्याकडे तोच होता. कर्जतच्या लेथवाल्याकडून सायलेन्सरचा पाईप कापून जोडून घेतला. हेडखाली तांब्याचा जाड पत्रा घातला, म्हणजे जादा दाबाने इंजिन फुटू नये. टर्बोला ऑईलची नळी दिली. आत जाणारी हवा थंड करायला जुन्या एसीची जाळी लावली. आणि हवेचा दाब दिसावा म्हणून पंक्चरच्या दुकानातलं मीटर हँडलवर बसवलं.

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा बारीक शिट्टीसारखा आवाज आला. मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात शेजारच्या सखूआजी पिशवी घेऊन दारात.

"बबन आला व्हय? थांबीव जरा, चप्पल घालते."

तेव्हा मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायलला निघालो. मीटरचा काटा शून्यावर झोपलेला. गाडी साध्या गाडीपेक्षाही मेंगळट. इंटरनेटवाले जिंकले, असं म्हणत पीर फाट्यापर्यंत आलो. तिथे सखूआजी उभ्या होत्या. त्यांनी हात केला... आणि इंजिन बंद पडलं. मी ब्रेक लावला नव्हता. बरोबर आजींच्या समोर येऊन गाडी उभी.

पेट्रोल होतं. प्लग स्पार्क देत होता. किक मारून मारून पाय दुखला. आजी तोवर सावकाश मागे बसल्या, पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली, म्हणाल्या, "चल की."

एक किक. चालू! आणि काटा असा उडाला की मला वाटलं मीटर तुटलं. उसाचा ट्रॅक्टर मागे टाकला, एसटी मागे टाकली. आजी मागून ओरडत होत्या. मला वाटलं घाबरल्या. नीट ऐकलं तर म्हणत होत्या, "बबनपेक्षा बरा चालवतोस!" कर्जतच्या बाजारापाशी त्यांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, जशा जीपच्या पत्र्यावर मारायच्या. माझा हात ब्रेककडे जाण्याआधीच इंजिन बंद.

आता मी शिकलेला माणूस. घरी येऊन विचार केला. लोड वाढला की टर्बो जास्त दाब देतो, हे शास्त्रच आहे. म्हणून मागे बाजरीचं पोतं बांधून गेलो. काटा शून्य. पोतं काढून बहिणीला बसवलं. काटा वर. मग शेळी मांडीवर घेऊन चुलतभाऊ बसला, तेव्हा आणखी वर. भाऊ उतरला, शेळी एकटीच दोरीने बांधून नेली, तर काटा बरोबर निम्म्यावर. तात्यांच्या जीपमध्ये शेळीला अर्धं तिकीट असायचं.

हे मी कुणाला बोललो नाही. पण वाडीला कळायचं ते कळलंच. फाट्यावर माणसं एसटी सोडून माझी वाट बघायला लागली. कुणीही हात केला की गाडी थांबणार, आणि माणूस बसल्याशिवाय सुरू होणार नाही. कर्जतहून परत निघतानाही कुणीतरी "वाडीला का?" विचारेपर्यंत मी किक मारत बसायचो.

बाबा एकच वाक्य बोलले. "येवढं शिकवलं, आन् पोरगं वडाप चालवतंय."

शेवटी तात्यांकडे गेलो. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, शेंगा खाणं न थांबवता.

"तुमचं काही असेल का यात?" मी भीत भीत विचारलं.

"माझं भूत म्हणतोस व्हय रं? मी तुझ्याम्होरं जिता बसलोय की!"

"मग गाडीत कोण आहे?"

"ते मला काय ठावं? मानसाचं भूत आस्तंय. जीपचं आस्तंय का न्हाई, ते तुमच्या कॉलेजात शिकवलं आसंल."

मग त्यांना चक्कर मारायची हौस आली. ते मागे बसले. इंजिन हूं की चूं करेना. तात्या हसत उतरले. "आरं, डायवर कवा मागं बसतोय का?" ते पुढे बसले, मी मागे. किक लागली न लागली तोच चालू. परत येताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने असेल.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते सांगतो.

माझी धाकटी बहीण पल्लवी तेव्हा बारावीला होती. वाडीतली सायन्स घेतलेली पहिली मुलगी. सेंटर कर्जतला, रोज सकाळच्या एसटीने जायची. गणिताच्या पेपरच्या दिवशी एसटी आलीच नाही. कळलं, की पुढे कॅनॉलच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली उलटली आहे, मोठी गाडी जाईना. बाबांची आताची गाडी घेऊन चुलता सोयऱ्याकडे गेलेला. मी दोन घरी फोन केला, दोन्ही गाड्या शेतात. पेपरला उशीर झाला की आत घेत नाहीत, आणि पेपर गेला की वर्ष गेलं. पल्लवी नुसती पॅडची क्लिप उघडझाप करत होती.

"दादा, तुझी गाडी काढ," ती म्हणाली.

आई आडवी आली. "त्या झपाटलेल्या गाडीवर? फाट्यावर आज येस्टी न्हाई म्हणून जत्रा आसंल. परत्येकापाशी थांबंल ती!"

आईचं तंतोतंत खरं होतं. पण दुसरी गाडीच नव्हती. पल्लवी पॅड छातीशी धरून माझ्या पाठीआड बसली. पहिल्या किकला गाडी चालू झाली. शीट बसलंय, चालू होणारच, असं मी मनात म्हटलं. खरी भीती फाट्याची.

फाट्यावर वीसेक माणसं. सगळ्यांत पुढे, जवळजवळ रस्त्यातच, सखूआजी. शिट्टी ऐकू आली तसे सगळे हात वर झाले. मागे पल्लवी मोठ्याने इंटिग्रेशनचे फॉर्म्युले म्हणायला लागली. मी हँडल घट्ट धरलं आणि इंजिन बंद पडायची वाट बघितली...

ते पडलं नाही. उलट काटा असा चढला, की मीटरवरचे आकडे संपले. आम्ही आजींना वळसा घालून पार झालो. त्यांची शिवी मला अर्धीच ऐकू आली.

उलटलेल्या ट्रॉलीच्या कडेने, सांडलेल्या उसावरून गाडी निघाली. पुढे कॅनॉलच्या थांब्यावर पुन्हा गर्दी, पुन्हा हात. त्यात टोपीवाले एक म्हातारे होते. त्यांना पल्लवीचं पॅड दिसलं असावं. त्यांनी आपला हात खाली घेतला, शेजारच्याचाही खाली ओढला आणि ओरडले, "जाऊ द्या, जाऊ द्या! पेपरचं शीट हाय!"

मला त्याचा अर्थ कळला नाही. विचार करायला वेळही नव्हता.

शाळेच्या गेटसमोर इंजिन आपोआप शांत झालं. पल्लवी पळत आत गेली आणि मग शिपायाने गेट लावलं. मी तिथेच, गाडीवर बसून रडलो. नंतर किक मारली. अर्थातच चालू झाली नाही. परतीला शीट नव्हतं.

संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर गेलो आणि म्हाताऱ्याचं वाक्य सांगितलं. तात्यांनी शेंगांची पाटी बाजूला ठेवली.

"पेपरच्या दिशी मी कवा थांबलो का रं? बोर्डाचं पोर पुढं बसलं की मागं एक बी शीट घेत नव्हतो. वाटंत उशीर व्हायला नको, गलका नको. समद्या थांब्यांना ठावं व्हतं. पॅड दिसलं की हात खाली."

"मला नाही आठवत, तात्या."

"तुला कसं आठवंल? तुझं डोकं पुस्तकात."

मी आठवून बघितलं. खरंच, मला फक्त पानं आठवत होती. आणि मागची शांतता. एरवी बारा माणसं कोंबलेल्या मागच्या बाजूला त्या दिवशी कुणी बोलत नव्हतं, कुणाची कोंबडी ओरडत नव्हती, आणि मी कधी मान वळवून बघितलं नव्हतं. मला वाटायचं, आज नशिबाने पुढची सीट मिळाली.

मी विचारलं, "पण तात्या, हे टर्बोला कसं कळलं?"

"ते तू सांगायचं. इंजिनेर तू हायेस."

मी प्रयत्न केला. परीक्षा संपल्यावर एका रविवारी पल्लवीला पॅड घेऊन मागे बसवलं आणि फाट्यावर गेलो. ती वैतागली होती, पण शास्त्रासाठी तयार झाली. सखूआजींनी हात केला. गाडी जागेवर उभी.

"आज कसला पेपर गं रविवारचा?" आजी म्हणाल्या. पल्लवी लाजून उतरली आणि चालत घरी गेली. मी आजींना कर्जतला सोडून आलो.

टर्बो मी दोनदा पूर्ण उघडून पाहिला. दोन चाकं, एक दांडा, बेरिंग. बाकी काही नाही. एवढा मोठा टर्बो एवढ्या छोट्या इंजिनावर चालायलाच नको, हे गणित मी अजूनही कागदावर सिद्ध करून दाखवू शकतो.

पल्लवी आता नगरला इंजिनिअरिंगला आहे. यंदा बोर्डाच्या पहिल्या पेपरला खालच्या वस्तीवरची एक बाई आपल्या मुलीला घेऊन सकाळीच आमच्या दारात उभी राहिली. आई घरातून बाहेर आली, माझ्याआधी तिनेच त्या मुलीच्या हातात हेल्मेट दिलं. लिंबू-मिरची मात्र नवीन बांधली. मी सोडली नाही.

फाट्यावर हात वर होते. पॅड दिसलं, तसा सगळ्यात आधी सखूआजींचा खाली आला.